24 चॅनलचा जुना कन्सोल: किंमत 1,40,000, खर्च 2,60,000

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय 32. घराच्या वरच्या मजल्यावर 14 बाय 12 फुटांची खोली, त्यात संगणक, आठ माइक घेणारा ऑडिओ इंटरफेस आणि सुरू असलेला छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ. दर तासाला 600 रुपये, महिन्याला सरासरी 52 तास काम, म्हणजे 31,200 रुपये जमा. घरखर्च 34,000, उरलेला भार पत्नीचा पगार उचलतो. मुदत ठेव धरून बँकेत 4,20,000 रुपये आहेत. मुंबईतला एक स्टुडिओ बंद होतो आहे आणि तिथला नव्वदच्या दशकातला, 24 चॅनल आणि आठ बसचा (आवाजांचे गट बाहेर काढायच्या आठ वाटा) ॲनालॉग कन्सोल, म्हणजे अनेक आवाज एकत्र जुळवायचे मोठे मिक्सिंग टेबल, 1,40,000 रुपयांना मिळतो आहे. नागपूरपर्यंत आणायचे 14,000 वेगळे. त्यांचा प्रश्न असा: एफडी मोडू की मुद्रा कर्ज काढू? आणि मुळात घेऊ का?

या किमतीला घेऊ नका. 75,000 च्या आसपास, खाली सांगितलेल्या तपासणीतून पार पडून मिळत असेल तर पुन्हा विचार करता येईल, पण तेव्हाही कर्जावर नाही.

कन्सोल खोलीत आला म्हणून चालू होत नाही. त्याला संगणकाशी बोलण्यासाठी जेवढे चॅनल तेवढेच इनपुट-आउटपुट लागतात. तुमच्या इंटरफेसला आठ आहेत आणि मागे एक ॲडॅट ऑप्टिकल पोर्ट (एका प्रकाश-तारेतून आठ चॅनल नेणारे) आहे. त्या पोर्टला आठ चॅनलचा कन्व्हर्टर (आवाजाचे संगणकाच्या आकड्यांत आणि उलट रूपांतर करणारे यंत्र) जोडला, तर 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने घेताना, एकूण 16 होतील. 96 किलोहर्ट्झला गेलात की ॲडॅटचे आठ चॅनल चारच राहतात. म्हणजे 24 पैकी 8 चॅनल पहिल्या दिवसापासून रिकामे. कन्व्हर्टरला 25,000 धरा. 16 जाणाऱ्या आणि 16 येणाऱ्या, अशा 32 लाइन झाल्या. दोन्ही टोके मिळून 64 स्टिरिओ जॅक. जॅक 150 रुपयांप्रमाणे 9,600, आठ जोड्यांची मल्टिकोर केबल 12 मीटर 4,200, सोल्डरिंग टोकामागे 50 रुपयांप्रमाणे 3,200. एकूण 17,000. चाळीस रुपयांचे जॅक घेऊन इथे पैसे वाचवू नका. वर्षभरात त्यातलेच एकेक सैल होते आणि कुठला चॅनल गेला हे शोधण्यात अख्खी दुपार जाते. पॅचबे (सगळ्या जोडण्या एका जागी बदलायची पट्टी) सध्या नकोच.

मग दुरुस्ती. तीस वर्षांच्या कन्सोलमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकलेले असणार, हे गृहीतच धरा. एका चॅनलमध्ये साधारण 30 नग, 24 चॅनलचे 720, मास्टर विभागाचे वेगळे. सुटा भाग स्वस्त आहे, 105 अंशांपर्यंत टिकणारा, चांगल्या कंपनीचा नग दहा रुपयांच्या आसपास पडतो. पैसा जातो तो मजुरीत, कारण प्रत्येक पट्टी बाहेर काढायची, जुने सोल्डर ओढून घ्यायचे, पॅड उचकटू द्यायचे नाही आणि ध्रुव उलटे लागले नाहीत हे पाहायचे. साफसफाईसह 28,000 धरा. पॉवर सप्लायचे 9,000 वेगळे: मोठे फिल्टर कॅपॅसिटर, रेग्युलेटर, त्याखालचा अभ्रक आणि थर्मल पेस्ट. खोलीला स्वतंत्र अर्थिंग 6,000, स्टॅबिलायझर 9,000, एवढे वजन पेलणारे टेबल 8,000, आणि मुंबईत जाऊन तपासून देणाऱ्या तंत्रज्ञाचे 4,000.

मूळ किंमत आणि भाडे धरून बेरीज 2,60,000. जाताना आणखी एक गोष्ट विचारा: विकणारा स्टुडिओ जीएसटी नोंदणीकृत असेल, तर 1,40,000 हा आकडा करासह आहे का? वर 18 टक्के लागले तर 25,200 वाढतील. तुमची उलाढाल 20 लाखांच्या खूप खाली आहे, नोंदणी नाही; त्यामुळे हा कर तुम्हाला कुठेच वळता करून घेता येणार नाही.

आता हातात उरते काय? 4,20,000 मधून 2,60,000 गेले की 1,60,000. तुमचे उत्पन्न महिन्यागणिक खाली-वर होते, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च, 2,04,000 रुपये, बाजूला हवाच. तिथेच 44,000 कमी पडतात.

पण माझा खरा आक्षेप या बेरजेवर नाही. तो तासांवर आहे. तुमच्या गिऱ्हाइकांची सवय पाहा. भीमगीतांचा संच, नवरात्रातली देवीची गाणी, झाडीपट्टीच्या नाटकाची जाहिरात, सगळ्यांचे मिक्स व्हॉट्सॲपवर जाते आणि तिसऱ्या दिवशी निरोप येतो, "भाऊ, ढोलकी जराशी वर घ्या ना." मिक्स संगणकात असेल तर फाइल उघडायची, ढोलकी दीड डेसिबल वर करायची, नवी फाइल पाठवायची. कन्सोलवर मात्र तोवर दुसरे गाणे मांडलेले असते. 16 चॅनलचे गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा), ईक्यू (जाड-बारीक सूर), ऑक्स (हेडफोनसारख्या वेगळ्या वाटेला किती), पॅन (डावे-उजवे) आणि फेडर (आवाजाची सरकती दांडी) फोटो पाहून परत जागेवर न्यायचे आणि जुन्या मिक्सशी कानाने जुळवायचे. याला 40 मिनिटे धरा, तरी तंतोतंत तेच येत नाही. महिन्याला आठ गाणी, प्रत्येकाला दोन दुरुस्त्या: 16 वेळा 40 मिनिटे, म्हणजे 10 तास 40 मिनिटे. तुमच्या दराने 6,400 रुपये, आणि दुरुस्तीचे पैसे कोणी देत नाही.

याच्या शेजारी घसारा ठेवा. पाच वर्षांनी कन्सोल 80,000 ला विकला गेला असे मानले, तर 1,80,000 भागिले 60, महिना 3,000. देखभाल 1,000. वीज 200 वॅट, रोज आठ तास, 26 दिवस, म्हणजे सुमारे 42 युनिट; व्यावसायिक दराने 500 च्या आसपास. हे तिन्ही मिळून 4,500, आणि एकटी फेरजुळणी 6,400. एकूण 10,900. एवढे भरून काढायला महिन्याला 18 तास जादा काम हवे, म्हणजे आजच्या 52 चे 70.

यावर एक वाट निघते. प्रत्येक ट्रॅक कन्सोलमधून एकेकदा काढून संगणकात भरून ठेवायचा आणि पुढच्या दुरुस्त्या तिथेच करायच्या. फेरजुळणी वाचते. पण मग कन्सोल फक्त प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आणि ईक्यू म्हणून उरतो, आणि त्या कामासाठी अडीच लाख ही किंमत महागच.

पत्रात "ॲनालॉगची ऊब" हा शब्द तीनदा आला आहे, म्हणून तेही सांगतो. ज्या आवाजासाठी लोक वेडे होतात, तो बराचसा इनपुट-आउटपुटवर ट्रान्सफॉर्मर असलेल्या, फार महागड्या कन्सोलचा. या वर्गातल्या बहुतेक कन्सोलमध्ये माइक इनपुटला ट्रान्सफॉर्मर नसतो. आत टीएल072, एनई5532 असे ऑप-अँप (आवाज वाढवणाऱ्या छोट्या चिप) असतात आणि मांडणी मुद्दाम स्वच्छ आवाजासाठी केलेली असते. चांगला कन्सोल आहे, पण 14 बाय 12 च्या उघड्या भिंतींच्या खोलीत तुम्हाला जे खटकते ते प्रीॲम्पचे नाही, खोलीचे आहे.

दुसरा मुद्दा आपल्या उन्हाळ्याचा. कॅपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, वरच्या मजल्याची खोली बंद असताना भट्टी होते, आणि कन्सोल स्वतः 200 वॅट उष्णता टाकतो. एसी अनिवार्य आहे. कूलरवर भागवू म्हणाल तर दमट हवा आणि धूळ थेट स्विचवर आणि फेडरच्या पट्टीवर बसेल.

एवढे असूनही कन्सोल कुणाला परवडतो? जिथे आठ-दहा जण एकाच वेळी बसून वाजवतात, प्रत्येकाला हेडफोनमध्ये वेगळे मिक्स हवे असते, आणि काम त्याच दिवशी संपते, तिथे. ऑक्सची नॉब फिरवली की आवाज विनाविलंब पोचतो, माऊस शोधावा लागत नाही. कन्सोल पाहून गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो हेही खोटे नाही, आणि त्या दिखाव्याला मी शून्य किंमत देणार नाही. पण 14 एप्रिल किंवा दसऱ्याआधी एक अख्खी भीमगीत पार्टी तुमच्याकडे आली तरी मोजा: ढोलकी 2, तबला 2, हार्मोनियम 1, बँजो 1, कीबोर्ड 2, मुख्य गायक 1, कोरस 3. बारा. त्याला 16 इनपुट पुरतात, आणि ते 25,000 च्या कन्व्हर्टरने होतात.

तरी पाहायला जाणारच असाल, तर असे पाहा. कन्सोल दोन तास आधी चालू करून ठेवायला सांगा. तापल्यावर येणारे दोष थंड असताना दिसत नाहीत. मल्टिमीटर घेऊन पॉवर सप्लायचे प्लस आणि मायनस व्होल्टेज कन्सोल जोडलेला असताना मोजा, दोन्ही बाजू समान हव्यात. मग मीटर एसीवर टाका, काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसले तर फिल्टर कॅपॅसिटर गेले. फँटम (कन्सोलमधून माइकला जाणारा वीजपुरवठा) चालू करून माइक जॅकची पिन 2 आणि 3 पिन 1 शी मोजा, 44 ते 52 व्होल्टच्या आत हवे. लॅपटॉपवरून 1 किलोहर्ट्झचा सूर एकेका चॅनलच्या लाइन इनपुटला द्या. सारख्या फेडरवर एक डेसिबलहून जास्त फरक पडला तर तो चॅनल वहीत लिहा. एखादा चॅनल मेलेला वाटला तर इन्सर्टमध्ये (चॅनलच्या मध्येच बाहेरचे यंत्र जोडायचे भोक) जॅक दोन-चारदा घालून काढा. आवाज परतला तर फक्त संपर्क काळा पडलाय, काम स्वस्तात होईल. पॅनेलवर बोटाच्या पेराने टकटक करा. तडतड आली तर रिबन केबल किंवा तुटका सोल्डर. नॉब फिरवताना खरखर येते, ती साफ केल्यावरही राहिली, तर दोष नॉबचा नसून त्यामागच्या गळक्या कॅपॅसिटरचा, कारण नॉबवर डीसी येतोय. फेडरवर कोणी साधे गंज काढायचे स्प्रे मारले असेल तर ग्रीस धुऊन गेलेले असते आणि तो फेडर बदलावाच लागतो. एनई5532 कुठेही मिळेल, पण त्या मॉडेलचा 100 मिलिमीटरचा फेडर शोधायला घाम फुटतो. हम (सतत येणारी घूं) ऐकताना सूर ओळखा: 50 हर्ट्झचा जाड असेल तर बहुधा अर्थिंगचा घोळ, 100 हर्ट्झचा असेल तर पॉवर सप्लाय.

हे व्हिडिओ कॉलवर करू नका. कॉल सतत येणारा आवाज आपोआप दाबतो, हम तुम्हाला ऐकूच येणार नाही. जाणे जमत नसेल तर प्रत्येक चॅनलची 24 बिटची वेव्ह फाइल मागवा.

कर्जाचे थोडक्यात. मुद्राच्या किशोर गटात 50,000 ते 5 लाख बसतात, पण बँक यंत्रासाठी विक्रेत्याचे कोटेशन मागते, आणि तीस वर्षांच्या सेकंडहँड वस्तूवर अधिकारी सहजी सही करत नाही. 3 लाख 12 टक्क्यांनी 36 महिन्यांसाठी मिळालेच, तर हप्ता 9,964 आणि एकूण व्याज सुमारे 58,700. हा हप्ता तुमच्या महिन्याच्या जमेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. नको.

रोखीतही देऊ नका. भांडवली वस्तूसाठी एका दिवशी एकाला 10,000 हून जास्त रोख दिली, तर प्राप्तिकरात ती रक्कम वस्तूच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे त्यावर घसारा मिळत नाही. घसारा 15 टक्के, वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा. मात्र तुम्ही अनुमानित उत्पन्नावर विवरण भरत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही. सीएला आधी विचारा. स्टुडिओ घरगुती मीटरवर चालत असेल तर ते नियमात बसते का, हेही आता वीज कंपनीला विचारून घ्या. वापर अनधिकृत ठरला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली आकारणी दुप्पट दराने होते.

माझ्या हिशेबाने या वर्षी 85,000 खर्च करा. 25,000 चा आठ चॅनल कन्व्हर्टर. 40,000 खोलीवर: 50 मिलिमीटर जाडीच्या, घनमीटरला 48 किलो घनतेच्या रॉकवूलची (आवाज शोषणारी दगडी लोकर) 4 बाय 2 फुटांची बारा पॅनेल, भिंतीपासून दोन इंच पुढे, आणि चार कोपऱ्यांत दुप्पट जाडी. 20,000 मध्ये हेडफोन ॲम्प आणि चार हेडफोन. हातात 3,35,000 राहतात, आपत्कालीन 2,04,000 जागेवर, वर 1,31,000 मोकळे. मग सहा महिने एकाच वेळी 12 हून जास्त माइक लागलेले काम किती वेळा आले, एवढेच डायरीत लिहा. महिन्याला चारदा येऊ लागले तर पुन्हा लिहा. असे कन्सोल तोवर आणखी विकायला निघतील, आणि मुंबईच्या मालकाला आज 75,000 सांगून ठेवायला हरकत नाही.