झाड जगात कुठंही लावलं तरी फायदा सारखाच का?

तुम्ही विचारलंय की झाड जगात कुठंही लावलं तरी पृथ्वीला गारवा तेवढाच मिळतो ना, आणि मग सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या उघड्या माळांवर सलग दाट जंगल का करत नाहीत. मी माणचाच, त्यामुळे दुसरा प्रश्न जास्त जवळचा. पण आधी पहिला.

कार्बनपुरतं बोलायचं तर हो, शोषलेल्या किलोमागं सारखाच. वाळलेल्या लाकडाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, तो हवेतूनच आलेला, आणि हवा साऱ्या जगाची एकच. गोची पुढं आहे. झाड ऊनही शोषतं आणि पाणीही उडवतं, आणि हे दोन्ही हिशेब मुलूख बदलला की बदलतात.

सायबेरिया, कॅनडाकडं हिवाळाभर जमीन बर्फाखाली असते. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो. तिथं सूचिपर्णी जंगल उभं केलं की पांढऱ्या जमिनीवर काळी छत्री धरल्यासारखं होतं आणि परत जाणारं ऊन तिथंच मुरतं. कार्बन शोषून कमावलेलं त्यात बरंचसं खर्ची पडतं, काही ठिकाणी चक्क तोटा. ब्रिटनचे हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड बेट्स यांनी 2000 साली हे मांडलं. पुढं 2007 मध्ये गोविंदसामी बाला (आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत) आणि सहकाऱ्यांनी संगणकावर जगातली जंगलं पट्ट्यापट्ट्यानं तोडून पाहिली. उष्ण कटिबंधातली तोडली तर पृथ्वी तापली, उत्तरेकडची तोडली तर निवली. म्हणून तिकडची तोडा, असं मात्र त्यांचंही म्हणणं नाही.

आपल्याकडं बर्फ नाही, पाणी आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता लागते, ती पानांवरून जाते, आणि वर ढग झाले तर तेही ऊन अडवतात. कोयना-चांदोलीचं रान दुहेरी कामाचं आहे ते यामुळं. तिथली जुनी राई राखणं हे नव्या कुठल्याही लागवडीपेक्षा मोलाचं.

आता माण. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, दहिवडी-म्हसवडकडं 500 च्या आसपास, आणि जिल्हा एकच! एप्रिलात आमच्या माळावर कुसळी गवत वाळून इतकी पांढुरकं होतं की डोळे दिपतात, म्हणजे ऊन परत चाललेलं असतं. त्यावर दाट गर्द झाडी केली तर ऊन मुरणार, आणि वाफ करायला पाणी नाही. इस्राएलमध्ये नेगेवच्या कडेला यातिर नावाचं लावलेलं पाइनचं जंगल आहे, पाऊस आमच्याहूनही कमी. तिथल्या मोजमापात दिसलं की शोषलेल्या कार्बननं ही वाढीव उष्णता फिटायला काही दशकं लागतात. शिवाय गवताचा बराच कार्बन मुळांत आणि मातीत असतो. फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यात वरचं जळलं तरी तो राहतो. सलग लावलेली नीलगिरी मेंढरंही खात नाहीत, मग धनगरांनी चारायचं कुठं?

म्हणून मी सांगेन, माळमाथा गवताला सोडा. ओढ्याकाठी, बांधावर आणि जिथं समतल चर काढलेत तिथं कडुलिंब, बाभूळ, बोर, सीताफळ लावा. सावली, फळ, पाला मिळतो, वाऱ्याला आडोसा होतो, आणि यासाठी जागतिक हवामानाचं कारण काढायची गरजही नाही. फक्त खड्डे काढण्याआधी उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते ठरवा, आणि दिवाळीनंतर जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा) काढून घ्या.