एकट्याचा स्वयंपाक: फोडणीच्या अलीकडे थांबावे

प्रश्न: मी पिंपरीतील एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो आणि एकटाच राहतो. मेसचे तेलकट जेवण सोसेना म्हणून तीन महिन्यांपूर्वी गॅस, तीन लिटरचा कुकर आणि लहान फ्रीज घेतला. रविवारी मंडईतून दोन पिशव्या भाजी आणतो. गुरुवारपर्यंत मेथी पिवळी पडते, टोमॅटो पिचतात आणि शेवटी बाहेरून मागवावे लागते. हिशोब मांडला तर मेसच स्वस्त होती असे दिसते. माझे कुठे चुकते? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: आपला हिशोब बरोबर आहे, आणि तो मांडलात हे फार चांगले केलेत. एकट्याच्या स्वयंपाकात पैसे महाग जिन्नसांवर जात नाहीत, कचऱ्याच्या डब्यात जातात. चौघांच्या घरात उरलेली वाटीभर भाजी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी डब्यात जाते; एकट्याच्या घरात तीच वाटी तीन दिवस फ्रीजमध्ये बसून राहते आणि चौथ्या दिवशी टाकली जाते. म्हणून स्वस्त काय मिळते हे पाहण्याआधी एका माणसाला लागते किती, हे ठरवू या.

त्यासाठी एक सोयीचे माप आपल्या राज्यातच आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचे प्रमाण असे ठरले होते: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. कष्टाचे काम करणाऱ्याला यात एखादी चपाती वाढवावी लागेल, पण एक पान म्हणजे केवढे याचा अंदाज यावरून येतो. दीडशे ग्रॅम भाताला कच्चे तांदूळ साधारण पन्नास ग्रॅम लागतात, आणि पन्नास ग्रॅम तूरडाळीत दोन वेळचे वरण होते. घरात वजनकाटा नसेल तर एक युक्ती करावी: किलोभर तांदळाची पिशवी ज्या वाटीने वीस वेळा भरून संपते, ती आपली वाटी. ती डब्यातच ठेवून द्यावी. यामुळे भावाचा हिशोबही सोपा होतो, कारण डाळीचा किलोचा भाव काहीही असला तरी आपल्या दोन वेळच्या वरणाला त्याचा विसावा भाग पुरतो.

आता मुख्य मुद्दा. रविवारी बसून चार भाज्या करून ठेवाव्यात असा सल्ला आपल्याला मिळाला असेल. माझा अनुभव त्याच्या उलट आहे. फोडणी, मसाला, चिंच-गूळ घातलेला पदार्थ हा एकाच चवीत अडकलेला पदार्थ असतो, आणि तो तिसऱ्या वेळी समोर आला की माणूस फोन उचलतो. म्हणून एकट्याने फोडणीच्या अलीकडे थांबावे. कुकरच्या एका डब्यात शंभर ग्रॅम तूरडाळ हळद, हिंग आणि थेंबभर तेल घालून लावावी. दुसऱ्या डब्यात त्या रात्रीपुरते तांदूळ. डाळ घोटल्यावर निम्मा गोळा मीठ न घालता झाकणाच्या डब्यात काढून निवताच फ्रीजमध्ये ठेवावा. पहिल्या रात्री साधे वरण, भात, तूप, लिंबू. दुसऱ्या दिवशी ठेवलेल्या गोळ्यातला अर्धा भाग पाणी घालून उकळावा आणि गोडा मसाला, आमसूल, गूळ घालून त्याची आमटी करावी. उरलेल्यात मूठभर पालक किंवा दुधीच्या फोडी शिजवून वर लसणीची फोडणी द्यावी. डाळ एकदाच शिजते, कुकर एकदाच लागतो, पण पानात तीन निरनिराळे पदार्थ येतात. फोडणीला लोखंडी कढले घ्यावे, कारण मोठ्या कढईत चमचाभर तेल पसरून जाते आणि मोहरी तडतडण्याऐवजी करपते.

मटकीचेही तसेच. वाटीभर मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आणि थंडीत दुसऱ्या दिवशी मोड येतात, आणि वाटीची अडीच वाटी होते. हे मोड कोरडे करून फ्रीजमध्ये ठेवले तर तीन दिवस सहज टिकतात. एका दिवशी उसळ, एका दिवशी खिचडीत मूठभर, एका दिवशी कांदा घालून परतलेल्या पोह्यांत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारसूचनांत दिवसाला २००० कॅलरींच्या आहारासाठी सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. दिवसातून एकदा डाळ आणि एकदा कडधान्य घेतले तर डाळी-कडधान्यांचे हे प्रमाण जवळपास गाठता येते. अंडी खात असाल तर काम आणखी सोपे होते, कारण एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि अंडे एकेकच वापरायचे असते.

भाजीबाबत एवढेच सांगते की मंडईत जाताना सात दिवसांचा क्रम डोक्यात असावा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवावी, मग भेंडी, गवार, वांगी, त्यानंतर कोबी आणि दुधी, आणि पुढची मंडई येईपर्यंत बटाटा, कांदा, लाल भोपळ्याची फोड. पालेभाजी एकच आणावी, दोन नाहीत. जुडी मोठी असेल तर अर्धी मागायला संकोच करू नये. विकणारी बाई देत नसेल तर शेजारच्या खोलीतल्या मित्राबरोबर वाटून घ्यावी. मेथी घरी आल्याबरोबर निवडावी, पण धुऊ नये. कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर टिकते आणि उरलेल्या मुठीचे थालीपीठ होते. आठवड्यातून एक रात्र पिठल्यासाठी मोकळी सोडावी. चार चमचे बेसन, एक कांदा, दोन मिरच्या आणि दहा मिनिटे, एवढ्यात काम होते. रात्रपाळीहून आल्यावर बाहेरून मागवलेले जेवणसुद्धा इतक्या लवकर येत नाही.

प्रश्न: माझे वय ६८. यजमान गेल्यावर दीड वर्षापासून एकटीच आहे. मुले परगावी असतात. चाळीस वर्षे सहा माणसांचा स्वयंपाक केला, त्यामुळे हात आवरत नाही आणि भाजी दोन-दोन दिवस पुरते. कंटाळा आला की चहा आणि खारी खाऊन झोपते. एकटीसाठी काय करायचे, असे वाटते. (एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा)

उत्तर: ताई, हात आवरत नाही असे आपण लिहिले आहे, पण हाताचा दोष थोडा आणि भांड्याचा जास्त आहे, असे मला वाटते. आपला अंदाज मुठीचा नसून पातेल्याचा असतो. पातेल्याचा तळ झाकेपर्यंत आपण चिरत राहतो. म्हणून मोठी पातेली आणि कढया खरोखरच माळ्यावर टाका आणि एक लहान, जाड बुडाची कढई, एक लहान कुकर आणि एक तवा एवढेच ओट्यावर ठेवा. मी स्वतः हे केले तेव्हा आठ दिवस भातुकली मांडल्यासारखे वाटले, पण नवव्या दिवसापासून भाजी उरेनाशी झाली.

थोड्या भाजीचे तंत्र मात्र वेगळे असते. चारजणांच्या कृतीचा चौथा भाग केला म्हणजे एकट्याची कृती होत नाही. मीठ, तिखट, मसाला चौथ्या हिश्शावर येतात, पण फोडणीचे तेल एका लहान चमच्यापेक्षा कमी केले तर मोहरी तडतडतच नाही. पाणीही चौथ्या हिश्शाने घालून चालत नाही, कारण थोड्या भाजीतले पाणी भरकन आटते आणि भाजी खाली लागते. आपल्या आईच्या हातचा उपाय इथे कामाला येतो: कढईवर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घालायचे, वाफ आतल्या आत फिरते, आणि कमी वाटले तर झाकणातलेच गरम पाणी भाजीत ओतायचे. पाव किलो गवार किंवा दोडका यात मंद आचेवर नीट शिजतो आणि दोन वेळा पुरतो.

पोळीपेक्षा भाकरी ही एकट्या माणसाची खरी सोबतीण आहे, आणि आपल्या भागात ज्वारीची वाण नाही. पोळीला कणीक मळून मुरवावी लागते आणि उरलेला गोळा दुसऱ्या दिवशी काळपट पडतो. भाकरीचे पीठ एका भाकरीपुरते परातीत घेऊन त्याच क्षणी मळता येते. दळण मात्र कमी न्या. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेने फाटते आणि मग आपण आपल्या हाताला दोष देतो. असे पीठ उकळत्या पाण्याने भिजवले तर भाकरी होते, पण दहा-बारा दिवसांचेच दळण आणावे हे बरे. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्याने ते त्याहूनही लवकर कडू होते, तेव्हा बाजरी थंडीतच आणि आठवड्यापुरतीच दळावी. गिरणीवाला किलोच्या आत दळायला कुरकुरतो. शेजारणीच्या दळणाबरोबर आपले द्यावे.

चहा-खारीबद्दल रागवायला मी बसलेली नाही, पण या वयात प्रथिने कमी पडली की पायांतली ताकद आधी जाते, आणि खारीत मैदा व वनस्पती तुपाखेरीज फारसे काही नसते. कंटाळ्याच्या दिवसासाठी एक डबा तयार असू द्या: भाजलेल्या डाळीचे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि घरी लावलेले वाटीभर दही. सकाळची भाकरी ताकात कुस्करून त्यावर लसणीची फोडणी दिली तर चूल पाच मिनिटेही पेटत नाही, आणि पोटात काहीतरी खरे जाते. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर डाळ-दह्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि एकटीसाठी काय करायचे, या प्रश्नाला माझ्याकडे पाककृती नाही. आठवड्यातून एक दिवस एखाद्या मैत्रिणीला जेवायला बोलवा आणि त्या दिवशी हात खुशाल मोकळा सोडा.

प्रश्न: माझी शिक्षक म्हणून नेमणूक नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर झाली आहे. वीज बेभरवशाची, फ्रीज नाही आणि बाजार आठवड्यातून एकदाच. अशा ठिकाणी काय साठवावे आणि काय शिजवावे? (एक शिक्षक)

उत्तर: फ्रीज नसणे ही अडचण खरी, पण आपल्या आजीच्या घरीही तो नव्हता, आणि तिची कोठी आठवली की निम्मे उत्तर मिळते. बाजाराच्या दिवशी आणलेली पालेभाजी आणि टोमॅटो दोन दिवसांत खाऊन टाकावेत. त्यानंतरच्या दिवसांसाठी न कापलेला लाल भोपळा, सुरण, कांदा, बटाटा, लसूण ठेवावे. भोपळा मात्र एकदा कापला की संपवावाच लागतो, म्हणून लहानात लहान निवडावा. बटाटे आणि कांदे एकाच टोपलीत ठेवू नयेत, बटाट्यांना लवकर कोंब फुटतात. घरून येताना सांडगे, वाळवलेली अंबाडी, जवसाची आणि कारळ्याची चटणी आणावी. मासे खात असाल तर सुकट किंवा जवळा पावशेर पुरे. कांद्यावर परतलेला मूठभर जवळा भाकरीबरोबर अख्खे जेवण होतो. हुलग्याचे, म्हणजे कोकणातल्या कुळथाचे, पीठ नक्की ठेवावे, कारण त्याच्या पिठल्याला भाजी लागत नाही. त्याच जिल्ह्यातील नवापूरची तूरडाळ प्रसिद्ध आहे आणि सातपुड्यात आमचूर घरोघर वाळवतात, तेव्हा आमटीची डाळ आणि आंबटपणा दोन्ही आठवडे बाजारातच मिळतील.

फ्रीज नसताना डाळही त्या वेळेपुरतीच शिजवावी. फोडणीच्या अलीकडे थांबण्याची युक्ती तुमच्याकडे शिजवण्याच्याही अलीकडे न्यावी लागेल. भिजवलेले, मोड आलेले कडधान्य रोज पाण्याने धुऊन पुन्हा ओल्या फडक्यात बांधले तर उन्हाळ्यात एक आणि थंडीत दोन दिवस अधिक टिकते, आणि त्यातून रोज मूठभर काढून शिजवता येते.

भाताबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. सकाळचा भात रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवू नये. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट असताना ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. वास येत नाही म्हणजे भात चांगला आहे, असे समजू नये. भात एका वेळेपुरताच करावा. उरवायचीच असेल तर भाकरी उरवावी. सोलापूरकडची पातळ कडक भाकरी कोरड्या डब्यात आठवडे राहते. पावसाळ्यात नदी-नाले आडवे आले की तिचा मोठा आधार होतो.

प्रश्न: मोठे पॅकेट किलोमागे स्वस्त पडते. एकट्याने तेच घ्यावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: मीठ, साखर, तांदूळ, तूरडाळ आणि अख्खी कडधान्ये मोठ्या पिशवीत खुशाल घ्यावीत. तेल एका लिटरच्या पिशवीतच घ्यावे. पाच लिटरचा डबा एकट्याकडे महिनोन्‌महिने उघडा राहतो, आणि डबा भरलेला दिसला की हातही सैल सुटतो. तिखट, हळद, धने-जिरे पूड शंभर ग्रॅमच्या वर नको, जुनी झाली की ती नुसता रंग देते. शेंगदाणे पाव किलोच घेऊन सगळे एकदम भाजावेत आणि कूट लागेल तसे करावे, कारण कूट दाण्यांपेक्षा लवकर खवट होते. रवा मात्र आणल्या दिवशीच कोरडा भाजून डब्यात भरावा. त्यात किडे लवकर होत नाहीत, आणि उशिरा घरी आल्यावर उपमा दहा मिनिटांत पानात येतो.