गोठूनही न मरणाऱ्या प्राण्याला हवामान बदलाचा धोका असतो का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी डोळ्यांना न दिसणारे प्राणी किती प्रकारचे असतात, आणि टार्डिग्रेड (आठ पायांचा, सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसणारा प्राणी) वर्षानुवर्षे गोठून राहूनही मरत नसेल तर त्याला हवामान बदलाची भीती कशाला. मी फोंड्याला उच्च माध्यमिकच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते आणि यातला दुसरा प्रश्न वर्गातही हमखास येतो. माझे उत्तर असे आहे की हे प्राणी चिवट असतात ते थांबलेले असताना. हिंडत-फिरत, खात, अंडी घालत असताना ते चांगलेच नाजूक असतात, आणि वंश वाढतो तो याच नाजूक काळात.

आधी विविधतेबद्दल. अंटार्क्टिकाची अर्ध्या टक्क्याहूनही कमी जमीन बर्फाविना उघडी असते. पेंग्विन आणि सील समुद्रावर जगतात, त्यामुळे त्यांना बाजूला ठेवले तर पूर्णपणे जमिनीवर राहणारा तिथला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे काही मिलिमीटर लांबीची, पंख नसलेली एक माशी, आणि तीही फक्त द्वीपकल्पाच्या बाजूला. बाकी ठिकाणी माती आणि मॉस यांवर राज्य असते ते सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक कृमी), रोटिफर (तोंडाशी चक्रासारखे केस असलेले सूक्ष्म प्राणी), टार्डिग्रेड आणि बारीक कोळीवर्गीय किडे यांचे. जातींची संख्या थोडी आहे, पण त्यांतल्या बऱ्याचशा जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. हिमयुगांत बर्फ पुढे सरकला तेव्हाही काही खडक उघडे राहिले असावेत आणि तिथे हे जीव एकमेकांपासून तुटून टिकले असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. अंटार्क्टिकाच्या एल्सवर्थ लँड या भागातल्या बर्फातून वर आलेल्या डोंगरमाथ्यांवर टार्डिग्रेड आणि रोटिफर आहेत, पण सूत्रकृमी मुळीच सापडले नाहीत. सूत्रकृमी नसलेली माती पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे, म्हणून ही नोंद मला विशेष महत्त्वाची वाटते.

या अभ्यासाची सुरुवात जुनी आहे. ध्रुवप्रवासी शॅकलटनच्या १९०७-०९ च्या अंटार्क्टिका मोहिमेत जेम्स मरे हे जीवशास्त्रज्ञ होते. केप रॉइड्सच्या तळ्यांत दगडांवर पसरलेले लालभडक थर म्हणजे असंख्य रोटिफरांचे पुंजके आहेत, हे त्यांनी दाखवले आणि त्यांना गोठवून, वितळवून पाहिले. आपल्या गोव्याचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली, आजही या मोहिमांचे नियोजन वास्कोच्या सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होते, आणि ज्या शिर्माकर परिसरात १९८९ पासून 'मैत्री' हे आपले केंद्र आहे, तिथल्या मॉसमधल्या सूक्ष्म प्राण्यांचा अभ्यास दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनीही केला आहे.

आता टिकण्याची रीत. ती समजून घ्यायला थंडीपासून सुरुवात करू नये, कोरडेपणापासून करावी. मे महिन्यात चिऱ्याच्या गडग्यावरचा मॉस बोटांत चुरगळला तर त्याची पूड होते. ती चिमूटभर पूड काचेच्या बशीत घेऊन थोडे पाणी घालावे आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. मातीच्या कणासारखा दिसणारा एखादा गोल दाणा फुगू लागतो, एका टोकाने पाय बाहेर काढून काचेला चिकटतो आणि दुसऱ्या टोकाला दोन चक्रे फिरायला लागतात. हा रोटिफर उन्हाळाभर वाळून पडलेला होता. अंटार्क्टिकातले त्याचे भाऊबंद हीच क्षमता थंडीसाठी वापरतात, कारण पेशीच्या दृष्टीने गोठणे आणि वाळणे ही बरीचशी एकच आपत्ती आहे : बाहेर बर्फ होताना शुद्ध पाणी त्यात अडकते, उरलेल्या पाण्यातले क्षार दाट होतात आणि ते पेशीतले पाणी ओढून घेतात.

यावर उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे. अनेक सूत्रकृमी ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतात. ती पाण्याची जागा घेऊन पेशीची पटले आणि प्रथिने शाबूत ठेवते. गडग्यावर भेटणाऱ्या गटातल्या रोटिफरांत ही साखर आढळत नाही, तरीही ते वाळून जगतात. टार्डिग्रेडांमध्ये ठराविक आकार नसलेली खास प्रथिने हे काम करतात, असे २०१७ मध्ये दाखवले गेले.

सर्वांत थक्क करणारा प्राणी माझ्या मते टार्डिग्रेड नव्हे, तर अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या सामुद्रधुनीच्या किनाऱ्यावरचा पॅनाग्रोलायमस हा सूत्रकृमी. न्यूझीलंडचे डेव्हिड व्हार्टन यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. तापमान हळूहळू उतरले तर तो आपले पाणी भोवतालच्या बर्फाला देऊन आक्रसतो आणि गोठतच नाही. ते झपाट्याने उतरले तर बर्फ त्याच्या शरीरात आणि थेट पेशींच्या आतही शिरतो, जे बहुतेक सर्व प्राण्यांना मारक असते, आणि तरीही तो वाचतो. बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे होऊ नयेत अशी व्यवस्था त्याच्याकडे आहे.

थांबलेल्या अवस्थेला काळाची मर्यादा किती, याचीही काही उत्तरे आहेत. जपानी शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये अंटार्क्टिकात गोळा केलेला मॉस उणे २० अंशांवर ठेवला होता. तो ३० वर्षांनी, २०१४ मध्ये वितळवला तेव्हा त्यातून दोन टार्डिग्रेड आणि एक अंडे जिवंत मिळाले. पण त्या दोघांपैकी एकच सावरून अंडी घालू शकला. दुसरा वीस दिवसांत मेला. सैबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतून सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचा रोटिफर पुन्हा हालचाल करून वाढू लागल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बातम्यांत आले ते हे जगलेले प्राणी. नमुन्यातले बाकीचे किती मेले, हेही विचारात घ्यायला हवे.

आणि इथेच आपल्या मुख्य प्रश्नाकडे येते. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२० मध्ये एका टार्डिग्रेडवर प्रयोग केला. ती ध्रुवीय जात नव्हती, पण मुद्दा स्पष्ट आहे. वाळलेल्या अवस्थेत त्यांतले निम्मे प्राणी तासभर ८२ अंशांच्या आसपासचे तापमान सोसून वाचले. हिंडत्या-फिरत्या अवस्थेत मात्र ३७ अंशांवर एका दिवसात निम्मे मेले. सगळ्याच ध्रुवीय प्राण्यांना उष्णता मारते असे मात्र नाही, कारण वर सांगितलेला पॅनाग्रोलायमस प्रयोगशाळेत २५ अंशांना उत्तम वाढतो. अडचण बहुतेक वेळा पाण्याची आणि वेळापत्रकाची असते. मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत स्कॉटनेमा हा सूत्रकृमी सर्वांत जास्त आढळतो आणि त्याला खारट, कोरडी माती लागते. १० अंशांना त्याची एक पिढी पूर्ण व्हायला सुमारे सात महिने लागतात. तिथला उन्हाळा मात्र काही आठवड्यांचाच असतो. २००१-०२ च्या उन्हाळ्यात हिमनद्या वितळून दऱ्यांत पाणी आले. ओल वाढली, गोठणे-वितळणे वारंवार होऊ लागले, आणि दीर्घकालीन नोंदींनुसार स्कॉटनेमा घटत गेला, तर ओलावा मानवणारे दुसरे सूत्रकृमी वाढले. प्रत्येक वेळी थांबण्याच्या तयारीत साठवलेले अन्न खर्च होते. ते भरून काढायला मधले दिवस पुरले नाहीत, तर उत्तम थांबणारा प्राणीही पिढी पुढे नेऊ शकत नाही.

याशिवाय माणसांच्या बुटांना चिकटून येणारी माती हा धोका आहे. म्हणूनच १९९१ च्या माद्रिद करारानुसार परक्या जाती तिथे नेण्यास बंदी आहे आणि जाणाऱ्यांना बूट, कपडे, पिशव्या घासूनपुसून स्वच्छ कराव्या लागतात. हीच काळजी खंडाच्या आत, एका उघड्या खडकाळ भागातून दुसऱ्या भागात जातानाही घ्यावी लागते, कारण शेजारच्या दोन डोंगरांवरचे टार्डिग्रेड लाखो वर्षे एकमेकांना भेटलेले नसण्याची शक्यता असते.