चौथ्यांदा सॅट? आधी ती एक्सेल शीट बंद करा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावीत आहे, पदवीसाठी अमेरिकेत जायचंय, सॅट, म्हणजे तिथल्या कॉलेजप्रवेशाची १६०० गुणांची परीक्षा, तीनदा देऊन झाली: १३९०, १४५०, १४७०. तुम्हाला १५५० हवेत, कारण तिच्या चुलतभावाला १५६० होते. ऑक्टोबरमध्ये चौथ्यांदा बसवू का, हा तुमचा प्रश्न. नका बसवू.

पण मला खटकले ते हे आकडे नव्हेत. पत्रासोबत तुम्ही एक्सेल शीटचा फोटो पाठवलाय. दर रविवारच्या सराव परीक्षेचे गुण, वाढले तर हिरवा चौकोन, घटले तर लाल. शेवटचा रकाना ‘शेरा’. एका रविवारी ‘निष्काळजीपणा’, पुढच्या रविवारी ‘झोप’, मग ‘पुन्हा तेच’. हे शेरे तुमचे आहेत, तिचा एकही नाही. आणि सहीच्या खाली ताजा कलम: ‘हल्ली जेवताना फारशी बोलत नाही, वय असेल.’ वय नाही हो. झोप आली म्हणून लाल चौकोन मिळत असेल, तर जेवताना ती काय बोलणार? बोललेलंही शेऱ्याच्या रकान्यात जाईल, अशी धास्ती असेल तिला.

तुम्ही तिच्यासाठी रविवार मोडता, पहाटे उठता, घड्याळ लावून बसता, हे दिसतं मला. प्रेमापोटीच करता, यातही शंका नाही. पण दोन पानी पत्रात तिला कोणता विषय शिकायचाय हे कुठेच नाही. चुलतभाऊ काय शिकतो, कुठे शिकतो, तिथे रमलाय का, तेही नाही. त्याचा फक्त आकडा आहे.

आता तुमचा एक गैरसमज. एका कॉलेजच्या वेबसाइटवर तुम्ही ‘१५१० ते १५७०’ वाचलंत आणि १५१० हा कटऑफ धरलात. जेईई-सीईटीच्या मेरिट लिस्टची सवय असलेल्या घरात हे होणारच. पण तो कटऑफ नव्हे. प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या ५० टक्क्यांचे गुण त्या पट्टीत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे गुण कळवून प्रवेश मिळवणाऱ्यांतले साधारण पाव जण १५१० च्या खाली होते. शिवाय जिथे गुण पाठवणं ऐच्छिक आहे, तिथे भरघोस गुणवालेच ते पाठवतात, त्यामुळे पट्टी आहे त्यापेक्षा वर सरकलेली दिसते. उलटही खरं: १५७० मिळाले म्हणून दार उघडत नाही. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरातल्या जेमतेम चार जणांना प्रवेश मिळतो, आणि नकार मिळालेल्यांत १५७० वाले ढिगानं असतात. तुमच्या मुलीचे १४७० परीक्षा देणाऱ्या शंभरातल्या साधारण पंचाण्णव जणांच्या पुढे आहेत. ९८ प्रश्नांच्या परीक्षेत १५१० पर्यंतचे आणखी चाळीस गुण म्हणजे मोजक्या प्रश्नांचा खेळ. तेवढी वर-खाली त्याच तयारीवरही होते.

गुण बिनमहत्त्वाचे आहेत असं मी म्हणणार नाही. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक त्याच वाटेने गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र प्रवेश ठरवताना हे गुण बघतच नाही, आणि तुमच्या यादीत तिथली दोन कॅम्पस आहेत! चौथी परीक्षा त्यांच्यासाठी तरी निरुपयोगीच. बाकी ठिकाणी सक्ती असेल तिथे १४७० पाठवा. ऐच्छिक असेल तिथे पट्टी बघून ठरवा.

पत्रात एक अर्धी ओळ कंसात टाकलीय: मामाच्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी ती दोन वर्षं दर महिन्याला मोजून वहीत टिपायची, जूनमध्ये ‘वेळ जातो म्हणून बंद करायला लावली’. अख्ख्या पत्रात ती स्वतः मला दिसली ती इथेच. दोरीला खडू लावून विहिरीत सोडणारी मुलगी १५५० वाल्यांच्या गर्दीत उठून दिसते. पण हे वाचून उद्या तिला अर्जातल्या निबंधासाठी विहिरीवर धाडू नका. कृपा करा. ‘प्रोफाइल’ म्हणून केलेलं काम वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि मुलाला त्याआधी कळतं. तिला पुन्हा मोजायचं असेल तर मोजेल. नसेल तर नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेपेक्षा मोठा प्रश्न पैशांचा आहे, आणि त्यावर तुम्ही ‘कर्ज काढू’ या दोन शब्दांत भागवलंय. या कॉलेजांचा एकूण खर्च वर्षाला बऱ्याचदा ९० हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो, आणि पदवी चार वर्षांची. आर्थिक मदत मागितली तर परदेशी विद्यार्थ्याच्या निवडीवर त्याचा परिणाम न होऊ देणारी कॉलेजं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, बोडिन, डार्टमथ, ब्राउन आणि आणखी थोडी. इतर बहुतेक ठिकाणी मदतीची गरज हा अर्जातला एक मुद्दा ठरू शकतो. तिथे तुमच्या उत्पन्नाच्या आकड्याला तिच्या चाळीस गुणांपेक्षा जास्त वजन असेल. तुमची यादी रँकिंगवरून उतरवलेली दिसते. ती फाडा. वर्षाला खरोखर किती भरू शकता हे दोघं नवरा-बायको बसून ठरवा, मग ते मुलीला सांगा. सतरा वर्षांच्या मुलीला घरचा आकडा कळलेला चालतो. तो ठरेपर्यंत ‘अर्ली डिसिजन’च्या अर्जावर सही करू नका. तिथे प्रवेश मिळाला तर जाणं बंधनकारक असतं, मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर.

रविवार तिला परत द्या. क्लासची उरलेली फी बुडाली तर बुडू दे.

आणि पुढचं पत्र तिला लिहू दे. कोणता विषय, का, अमेरिकाच का, की तिला इथेच शिकायचंय. पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नका.