पणजोबांची तलवार आणि पात्यावरची अनोळखी अक्षरे

प्रश्न : आमचे मूळ गाव पोलादपूर तालुक्यातले; गेल्या तीन पिढ्या आम्ही ठाण्यात राहतो. घरात सरळ पात्याची एक जुनी तलवार आहे. पणजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते, पहिल्या महायुद्धात कुतच्या (आजच्या इराकमधील गाव) वेढ्यात सापडले आणि ही तलवार त्यांनी तिथूनच आणली, असे घरात सांगितले जाते. पाते ८२ सेंटिमीटरच्या थोडे वर भरते, परजेच्या, म्हणजे मुठीवर हात झाकणाऱ्या भागाच्या, जाळीत मुकुट व इंग्रजी अक्षरे आहेत. पात्यावर मात्र तीन आद्याक्षरे आहेत, जी पणजोबांच्या नावाशी जुळत नाहीत. मग तलवार कोणाची? आता तिच्यावर गंज चढू लागल्याने भाऊ बफिंग (फिरत्या चाकावर घासून चकाकी) करून घेऊ म्हणतो. करावे का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बफिंग कृपया करू नका. पात्यावरची अक्षरे आम्लाने कोरलेली, नखाला जेमतेम लागतील इतकी उथळ असतात. एकदा चाकाखाली गेली की ती कायमची पुसली जातील आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यांच्याबरोबर जाईल.

वर्णनावरून ही १८९७ च्या नमुन्याची, ब्रिटिश पायदळातील अधिकाऱ्याची तलवार दिसते. त्या नमुन्याचे पाते साडेबत्तीस इंचांचे असते. जाळीतल्या ‘जी’ आणि ‘आर’ या अक्षरांबरोबर रोमन पाच असेल, तर ती पंचम जॉर्जच्या, म्हणजे १९१० ते १९३६ या काळातली ठरते. आता पात्याची बोथट पाठ परजेजवळ भिंगाखाली पाहा. तलवार लंडनच्या विल्किन्सन कंपनीची असेल तर तिथे बारीक आकडा सापडण्याचा संभव आहे, आणि कंपनीच्या जुन्या विक्रीवह्यांत त्या आकड्यापुढे अनेकदा खरेदीदाराचे नावही मिळते. अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घेत व तिच्यावर आपली आद्याक्षरे कोरून घेत. तेव्हा ती तीन अक्षरे बहुधा पहिल्या मालकाची आहेत.

त्यामुळे पणजोबांचे तिच्याशी असलेले नाते मात्र खोटे ठरत नाही. सुभेदारांच्या पूर्ण गणवेशातही तलवार असे, आणि मोहिमेत मरण पावलेल्या अधिकाऱ्याचे सामान पलटणीतच लिलावाने विकण्याची रीत होती. मला शंका आहे ती फक्त ‘तिथूनच आणली’ या भागाबद्दल. ७ डिसेंबर १९१५ पासून चाललेला तुर्कांचा कुतला पडलेला वेढा ब्रिटिश-हिंदी फौजेच्या २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यात होत्या. उपासमारीने खंगलेले आपले जवान तिथून वाळवंट तुडवत तुर्कांच्या कैदेत गेले आणि त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. कुतमधल्या ब्रिटिश-हिंदी फौजेचे सेनापती टाउनशेंड यांनी पुढे केलेली तलवार तुर्की सेनापती खलील पाशाने त्यांना परत दिली, हे प्रसिद्ध आहे. परंतु कैदेतल्या सुभेदाराने तलवार घरापर्यंत जपून आणली असेल, असे मानणे कठीण आहे. ती युद्धानंतर विकत घेतलेली किंवा भेट मिळालेली असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तलवार कुतमध्ये नसली तरी पणजोबा तिथे असू शकतात, म्हणून त्यांचा शोध तलवारीपासून वेगळा घ्यावा.

तो पदकापासून सुरू करा. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक घरात असेल तर त्याच्या कडेवर हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक मोडीत गेले असल्यास त्या काळच्या ‘इंडियन आर्मी लिस्ट’चे छापील खंड पाहा, त्यांत पलटणीनिहाय सुभेदार-जमादारांची नावे व नेमणुकीच्या तारखा आहेत. कोकणातल्या अनेक गावांत महायुद्धाला गेलेल्या माणसांची संख्या सांगणारी संगमरवरी पाटी आहे. आपल्या गावात ती असेल तर जरूर पाहा, पण तिच्यावर बहुधा फक्त आकडा मिळेल.

जपणुकीसाठी सैल गंज मऊ कापडाने, हलके मशीन तेल लावून पुसावा आणि पाते कोरडे करून मेणाचा पातळ थर द्यावा. खाडीकाठच्या दमट हवेत चामड्याचे म्यान ओल धरते, म्हणून पाते म्यानाबाहेर ठेवावे. खंडेनवमीला हळदकुंकू व लिंबू पात्याला न लावता समोरच्या पाटावर वाहावे. ओले कुंकू कोरीव अक्षरांत बसते आणि लिंबाचा रस पोलाद खातो. तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्यानुसार ती पुरावस्तू ठरते व परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही. मिरवणुकीत नेऊ नये, आणि घरात असल्याची लेखी माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी.