सायकलवाले 'बोनस किलोमीटर' म्हणतात, म्हणजे काय?

म्हणजे रस्ता चुकला! वळण हुकून जे जास्तीचे अंतर पडते, ते 'बोनस'. ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, ते धरत नाहीत आणि घड्याळ थांबत नाही: २०० किमीला १३.५ तास, ६०० ला ४०.

'थोडासाच चढ आहे' असे कुणी म्हटले की सावध व्हा. इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना सिमरोलपुढचा घाट उतरून मजेत जातो. परतताना माळव्यावर चढताना तो 'थोडासा' कळतो.

माझा सगळ्यात आवडता शब्दप्रयोग डच लोकांचा: 'हातोडीवाला भेटला'. शरीरातले ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) संपून पाय अचानक शिशासारखे होतात, तो क्षण. जर्मन त्यालाच 'भुकेची फांदी' म्हणतात. म्हणून पहाटे निघताना पोहे-जिलेबी खाच, आणि पुढेही भूक लागायची वाट न बघता खात राहा.