“ऑफिसात मला मुद्दाम काही कळू देत नाहीत”

“मॅडम, खिडकीवरच्या पोराला मी सांगत होते, मुदत संपली, आता काही होणार नाही. त्याने मोबाइल पुढे केला. मुदतवाढीचं परिपत्रक, आमच्याच विभागाचं!”

त्या मुंबईतल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पोरासमोर खोटं पडण्यापेक्षा त्यांना जास्त लागलं ते मागच्या टेबलावरून आलेलं वाक्य : “अहो, ते कालच ग्रुपवर आलंय.” त्या ग्रुपमध्ये त्या नव्हत्याच. तेव्हापासून झोप उडाली. दोघी हसल्या की वाटे, आपल्यालाच हसल्या.

मी समुपदेशन करते. ही तक्रार माझ्याकडे सतत येते, आणि “मनावर घेऊ नका” असं मी कधीच म्हणत नाही. मी त्यांना एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर घडलं ते, उजव्या पानावर मला वाटलं ते. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलंच, असं धरून चालणं ही विचारांची नेहमीची चूक. अ‍ॅरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1960 च्या दशकात उभ्या केलेल्या उपचारपद्धतीत अशा चुका पुराव्याशी ताडून पाहतात. पण मला वाटतं, ही सवय पुष्कळदा ऑफिसच लावतं. रीतसर कुणी सांगत नसेल, तर माणूस तर्क करणारच.

दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या आठ दुपारी एक ते दोनमधल्या. त्या वेळी साहेबांच्या केबिनबाहेर डबे उघडतात आणि निम्मा कारभार तोंडी तिथेच होतो. ह्या मात्र खिडकीवर, कारण लांबून आलेल्या मुलांना जेवणाच्या सुट्टीत परत पाठवणं त्यांच्या जिवावर येतं. ते ऐकून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

कागदाची वाट वेगळीच. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी ही पदं निरनिराळी आहेत. एकेका निर्णयाचा कागद टेबलाटेबलांवरून खाली येतो आणि त्यावर शेरा असतो : “संबंधितांना कळवावे.” हे संबंधित कोण? त्यांनी तीन परिपत्रकं काढून पाहिली. एकावरही खिडकीचा उल्लेख नव्हता. मुलांना उत्तर देणारं टेबल कुणाच्या लेखी संबंधितच नव्हतं!

उरलेल्या तीन नोंदी मात्र टोचणाऱ्या होत्या. एका सहकाऱ्याने माहीत असून “मला कल्पना नाही” म्हटलं होतं. ते मनाचे खेळ आहेत असं मी म्हटलं नाही.

मग आम्ही बोलण्याची तालीम केली. साहेब मी झाले. पहिल्यांदा त्या “मला डावलतात” म्हणाल्या आणि रडल्या. चौथ्यांदा शांतपणे म्हणाल्या, “साहेब, या महिन्यात मुदतीची तीन परिपत्रकं मला मुलांकडून कळली. जावक क्रमांक पडला की एक प्रत खिडकीवर यावी. पोच मी देईन.”

साहेब “बघू” म्हणाले. आठवडाभर काहीच हललं नाही. मग बाईंनी तेच टिपणीत लिहून दिलं. आता शिपाईमामा प्रत आणून देतात, बहुतेक वेळा. ग्रुपमध्येही घेतलंय.

तुम्हालाही असंच वाटत असेल, तर आधी पाहा : बातमी एकट्या तुम्हाला चुकते, की तुमच्या टेबलावर जो बसेल त्याला? लेखी मागूनही फक्त तुम्हालाच वगळत असतील, तर तक्रारही लेखीच करा, तारखांसह. आणि झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल तर थांबू नका. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

त्या सहकाऱ्याशी त्यांचं बोलणं अजून झालेलं नाही. पुढच्या मंगळवारी आम्ही त्यावरच बसणार आहोत.